गोव्यात रोजच्या नोकरीसाठी आणि शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी छोटी व्हॅन कशी निवडावी

शोरूममध्ये जाण्याआधी एक आठवडा वहीत नोंद ठेवा: कुठून कुठे गेलात, किती किलोमीटर झाले, गाडीत माणसं किती होती आणि गाडी उभी कुठे केली. म्हापशाहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज जाणाऱ्याचा हिशेब मांडून बघू. एका बाजूला साधारण ३५ किलोमीटर, जाऊन-येऊन ७०. महिन्यात २२ दिवस कामाचे धरले तर १,५४० किलोमीटर. त्यात मुक्कामाच्या दोन फेऱ्यांचे ३५० मिळवा. म्हणजे गाडी पाचातले चार किलोमीटर नोकरीच्या वाटेवरच धावणार. म्हणून इंजिन, रुंदी आणि मायलेज रोजच्या वाटेवरून ठरवा, तर आतली लांबी-उंची झोपण्यावरून. झोपायची सोय मात्र गाडीत ठोकून बसवू नका. ती शुक्रवारी संध्याकाळी चढवता आणि रविवारी रात्री उतरवता आली पाहिजे. चवथीचं सामान आणायला, आजीला दवाखान्यात न्यायला, शेजाऱ्याचा फ्रीज हलवायला तीच गाडी लागणार आहे.

पहिली पायरी: टेप घेऊन जा

गाडी बघायला जाताना पाच मीटरची टेप आणि घरातला सगळ्यात उंच माणूस सोबत न्या. मापं चारच घ्यायची आहेत, पण ती स्वतः घ्या. माहितीपत्रकात गाडीची बाहेरची लांबी असते, झोपायची नसते.

१. पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंतची लांबी. पुढची सीट जितकी पुढे सरकते तितकी सरकवून मोजा. गाडीच्या आतल्या जमिनीलगत एकदा आणि तिच्यापासून ३० सेंमी उंचीवर एकदा, कारण मागचं दार वर जाताना आत झुकतं.
२. मागच्या चाकांच्या कमानींमधली रुंदी. दोन माणसांना किमान ११० सेंमी लागते.
३. आतल्या जमिनीपासून टपापर्यंतची उंची. बसलेल्या माणसाला डोक्यापर्यंत साधारण ९० सेंमी लागतात आणि गादी दाबून ५ सेंमी. आतली उंची १२० सेंमी भरली तर पलंगाची फळी जमिनीपासून २५ सेंमीच्या वर नेता येत नाही. पलंगाखाली मोठमोठे खण करण्याच्या नादात लोक इथेच फसतात आणि मग रात्रभर वाकून बसतात.
४. मधल्या बाकाची पाठ पाडल्यावर जमीन सपाट होते की पायरी उरते. पायरी उरत असेल तर तिची उंची लिहून घ्या, फळीचे पाय त्या मापाने करावे लागतील.

मग उंच माणसाला तिथेच आडवं व्हायला सांगा. विक्रेता हसला तरी चालेल.

कोणत्या गाड्या बघाव्यात

मारुती ईको २०१० पासून मिळते आणि बहुतेकांचा शोध तिच्यापाशीच थांबतो. लांबी ३,६७५ मिमी, रुंदी अवघी १,४७५ मिमी. चिऱ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या वाड्यावरच्या रस्त्यावर समोरून दुसरी गाडी आली की ही रुंदी कामाला येते, आणि पणजीत मळा भागातल्या गल्ल्यांतही. वळणाची त्रिज्या ४.५ मीटर. दोन्ही बाजूंना सरकती दारं, त्यामुळे अरुंद जागेतही माल आणि माणसं उतरतात. इंजिन १.२ लिटर पेट्रोल, पुढच्या सीटखाली, आणि ओढ मागच्या चाकांना. भरलेली गाडी घाटात चढवताना मागची ओढ बरी पडते. रिकामी गाडी मात्र ओल्या लाल मातीत किंवा रेतीत लगेच चाक फिरवत बसते.

उणिवाही स्पष्ट असू द्या. गाडीच्या पोटाची रस्त्यापासूनची उंची १६० मिमी आहे. मागे एसीचे झरोके नाहीत. आतापर्यंत विकल्या गेलेल्या बहुतेक ईकोंना पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे उभ्या गाडीत चाक वळवायला खांदे लागतात. सीटखाली इंजिन असल्याने मे महिन्यात बूड तापतं. उंच, हलकी गाडी असल्याने पावसाळी वाऱ्यात झुआरी पुलावर किंवा मांडवीवरच्या अटल सेतूवर ती बाजूला ढकलली जाते, तिथे वेग कमी ठेवावाच लागतो. सुरक्षिततेचा मुद्दा टाळण्यासारखा नाही: २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले होते. तेव्हा जुनी घेताना एबीएस आणि दोन एअरबॅग असलेली, म्हणजे २०२२ नंतरची बघा. नोकरीची वाट महामार्गावरून असेल तर या एका कारणासाठी थोडे जास्त पैसे मोजा.

रेनो ट्रायबर व्हॅन नाही, पण या कामाला ती व्हॅनच्या पंक्तीत बसते. २०१९ मध्ये आली, लांबी चार मीटरच्या आत, पोट रस्त्यापासून १८२ मिमी उंच. तिसऱ्या रांगेच्या सीटा कंपनीनेच काढता येण्याजोग्या केल्या आहेत, त्या काढल्या की मागे ६२५ लिटर जागा मिळते. २०२१ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत, तेव्हाच्या निकषांवर, तिला प्रौढांसाठी चार तारे मिळाले. रोज साठ-सत्तर किलोमीटर चालवणाऱ्याच्या पाठीला ती ईकोपेक्षा खूप सुखाची आहे. तोटे दोन. एक, रुंदी १,७३९ मिमी. दोन, ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन चार माणसं आणि सामान घेऊन चोर्ला घाट चढताना दुसऱ्या गिअरवर येतं. आतली उंचीही कमी, त्यामुळे आत झोपता येतं, पण मांडी घालून बसता येत नाही.

मारुती ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. स्वस्तात मिळते, पण चालकाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये पत्र्याशिवाय काही नाही. रोजच्या महामार्गासाठी ती घेऊ नका. टाटा विंगर, फोर्स ट्रॅव्हलर या मोठ्या गाड्या कुटुंबाच्या सहलीला छान, पण ऑफिसच्या पार्किंगला नाहीत.

एकट्या-दुकट्याने झोपायचं असेल आणि वाट वाड्यावस्त्यांतली असेल तर ईको पाच आसनी. घरात मुलं असतील आणि वाट महामार्गाची असेल तर ट्रायबर, आणि सोबत एक साधा तंबू.

सीएनजीचा मोह

गोव्यात आता सीएनजी पंप आहेत आणि रोज सत्तर किलोमीटरचा हिशेब सीएनजीच्या बाजूने झुकतो. अडचण टाकीची. ती मागच्या सीटमागे बसते आणि पलंगाची लांबी नेमकी तिथेच संपते. टाकीवर फळी टाकून झोपायचं म्हटलं तर उंची पुरत नाही. शिवाय टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, जुनी गाडी घेताना ती तारीख पाटीवर वाचा. तेव्हा मुक्काम तंबूत असेल तरच सीएनजी, गाडीत असेल तर पेट्रोल. दोन्ही साधण्याच्या खटाटोपात दोन्ही बिघडतं.

कागद आणि नंबरपाटी

ईकोचं कार्गो मॉडेल स्वस्त दिसतं, मागे सपाट जमीन तयारच असते. तरी घेऊ नका. ती मालवाहू म्हणून नोंदलेली, पिवळ्या पाटीची गाडी. मागे माणसं बसवता येत नाहीत आणि योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी घ्यावं लागतं.

गोव्यातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारातली दुसरी गोष्ट म्हणजे रेंट-अ-कॅबमधून, म्हणजे पर्यटकांना स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या धंद्यातून निघालेल्या गाड्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी खाजगी करून विकली जाते. यात गैर काही नाही, पण आरसीवर बदल पूर्ण झालेला असला पाहिजे. 'नंतर करून देतो' या बोलीवर पैसे देऊ नका. अशा गाडीचा क्लच आणि खालचा पत्रा दुप्पट बारकाईने बघा, ती पर्यटकांनी किनाऱ्यावरच्या वाळूत फिरवलेली असू शकते.

सिंधुदुर्गाची एमएच-०७ किंवा कोल्हापूरची एमएच-०९ गाडी गोव्यात कायम वापरायची असेल तर मूळ आरटीओकडून ना-हरकत दाखला घेऊन इथे नव्याने नोंदणी करावी लागते. मोटार वाहन कायद्यात त्यासाठी बारा महिन्यांची मर्यादा आहे. इथला रस्ता-कर वेगळा भरावा लागेल, तो किमतीत धरा. विक्रीच्या वेळी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मागा. चासीचा नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा.

सीटा उखडून कायमचा पलंग ठोकणं, टप कापणं, आसनसंख्या बदलणं हे कलम ५२ खाली फेरफार ठरतं. बोल्ट न लावता पट्ट्यांनी बांधलेली, उतरवता येणारी फळी मात्र सामानात मोडते.

गंज: इथे अर्धा तास द्या

खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे गोव्यातली जुनी व्हॅन इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. इंजिनाचं काम पैशाने होतं, कुजलेली जमीन नीट होत नाही. टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन या क्रमाने बघा.

सगळे मॅट उचला. खालचा गालिचा हाताने दाबा, पाणी किंवा कुबट वास आला तर तिथला पत्रा खरवडून बघा. सरकत्या दाराच्या खालच्या खोबणीत बोट फिरवा. माती आणि पाणी तिथेच साठतं, म्हणून ईकोत गंज तिथूनच सुरू होतो. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजलेली नाहीत ना? चाकाच्या कमानीची आत वळलेली कडा, बॅटरीखालचा पत्रा, मागच्या दाराची बिजागरं, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, टपाच्या पन्हळीतले सांधे, ब्रेकचे पाइप ही सगळी ठिकाणं बघा. चुंबक जिथे पकडत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. शेवटी मालकाच्या परवानगीने जॅक त्याच्या ठरलेल्या जागी लावा. पत्रा करकरला किंवा जॅक आत रुतला तर हात जोडून निघा.

जुन्या गाडीच्या पोटाला नुकताच काळा रंग मारला असेल तर तो संरक्षणासाठी की झाकण्यासाठी, हे स्क्रू ड्रायव्हर सांगतो. पृष्ठभागावरचा तपकिरी थर चालतो, पापुद्रे सुटत असतील तर नाही.

मासळी वाहिलेली व्हॅन हा गोव्यातला खास धोका. खोक्यांतून झिरपणारं बर्फाचं खारं पाणी जमिनीला आतून खातं, वरून रंग चकचकीत असतो. दारं बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी करा, मग उघडून वास घ्या. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्यावर चिखलाची रेषा धुऊनही राहते.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ मधला २३वा आठवडा. सहा-सात वर्षांचे टायर खोल नक्षीचे असले तरी बदलायचे, त्याचे पैसे घासाघिशीत वळते करा.

चालवून बघताना

गाडी थंड असताना जा. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर बॉनेटवर (ईकोत पुढच्या सीटखाली) हात ठेवून बघा आणि दुसऱ्या दिवशी परत या. ईकोत मागच्या चाकांना ओढ नेणारा दांडा असतो. गिअर टाकून क्लच सोडताना खाली 'टक्' असा आवाज आला तर त्याचे जोड झिजलेत. वेग घेताना मागून सतत घूं असा आवाज येत असेल तर डिफरन्शियलचं तेल आणि बेअरिंग तपासून घ्या.

चढावर हँडब्रेक लावून गाडी पूर्ण भाराने उभी राहते का ते बघा. जमत असेल तर कर्मल घाटापर्यंत किंवा चोर्ल्याच्या पहिल्या वळणांपर्यंत एसी लावून न्या आणि तापमानाचा दिवा बघा. चढून आल्यावर इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं उभी करा, रेडिएटरचा पंखा सुरू होऊन थांबला पाहिजे. फेरीबोटीने जाणारे असाल तर ओहोटीच्या वेळी उतरणीवर मागचा बंपर घासतो का हेही बघायला हवं. मागे लांब लोंबणाऱ्या गाड्या तिथे हमखास घासतात.

पलंग: एका अख्ख्या प्लायमध्ये

आयएस ७१० शिक्क्याचा, १२ मिमी जाडीचा, आठ बाय चार फुटांचा एक प्लाय घ्या. साधा प्लाय इथल्या दमट हवेत दुसऱ्या पावसाळ्यात सुटतो. ६१ सेंमी बाय ११५ सेंमीच्या तीन फळ्या कापल्या की १८३ सेंमी, म्हणजे सहा फूट लांबीचा पलंग होतो आणि ६१ सेंमीचा तुकडा पायांसाठी उरतो. पूर्ण प्लायचं वजन साधारण २४ किलो, म्हणून तीन तुकडे सोयीचे. एक माणूस एकेक उचलू शकतो. शेजारच्या फळ्या पियानो बिजागरीने जोडल्या तर त्या घडी होतात, मात्र मग उचलायला दोघं लागतात.

१२ मिमीची फळी ११५ सेंमी रुंदीवर एकटी वाकते. तिच्याखाली दर ४० सेंमीवर २५ बाय ५० मिमीची लाकडी पट्टी, उभी कड खाली करून, गोंद आणि स्क्रूने लावा. प्रत्येक फळीत २५ मिमीची बारा-पंधरा भोकं पाडा, नाहीतर गादीखाली घाम साचून बुरशी धरते. कापलेल्या कडांना पॉलिशचे तीन हात द्या, पाणी कडेतूनच शिरतं. गादी ७५ मिमीच्या घट्ट फोमची, तीन तुकड्यांत, सुती खोळीची. रेक्झिन पुसायला सोपं, पण मे महिन्यात त्यावर झोप लागत नाही.

सगळं रॅचेट पट्ट्यांनी सीटच्या पायांना किंवा सामानाच्या कड्यांना बांधा. सीटबेल्टचे बोल्ट त्यासाठी सोडवू नका. जोरात ब्रेक लागला की सुटा २० किलोचा खोका थेट तुमच्या मानेवर येतो. जॅक आणि स्टेपनीपर्यंत पलंग न उचलता हात पोचतो ना, हेही आधीच बघून ठेवा.

वजनाचा हिशेब आरसीवरून करा. त्यावरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरतं त्यात माणसं, पलंग, वीस लिटर पाण्याचे वीस किलो, गॅस, तंबू सगळं बसलं पाहिजे.

वीज

गाडीच्या बॅटरीवर रात्रभर पंखा लावला तर सकाळी धक्का मारावा लागतो. वेगळी बॅटरी घ्या. १० वॅटचा पंखा नऊ तास म्हणजे ९० वॅट-तास, ५ वॅटचा दिवा पाच तास म्हणजे २५, दोन फोन ३०. एका रात्रीचे १४५, दोन रात्रींचे २९०. १२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी ३८४ देते, ती पुरते. डीसी-डीसी चार्जरने, म्हणजे चालत्या गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणाऱ्या चार्जरने, ८ अँपिअरने भरली तर तासाला शंभराच्या आसपास वॅट-तास जातात. म्हणजे रोजच्या दोन तासांच्या नोकरीच्या प्रवासात ती दोन दिवसांत पूर्ण भरते, सौर पाटीची गरजच नाही. चार्जरसाठी गाडीच्या बॅटरीवरून फ्यूज लावून वेगळी, जाड वायर ओढून घ्या, पुढच्या सॉकेटवर तो भार टाकू नका.

पंखा, दिवा आणि फोनला २.५ चौ. मिमी वायर आणि १० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवा. लांब लावला तर मधली वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवत नाही. बंद गाडी उन्हात राहणार असेल तर बॅटरी घरी न्या.

चूल, हवा आणि डास

गाडीच्या आत स्वयंपाक करू नका, पाऊस असला तरी नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, नेमका तुमच्या गादीपाशी. मागचं दार उघडून त्याच्याखाली, गाडीबाहेर चूल मांडा. इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपणं तर जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

झोपताना दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवा, एक पुढची डावी आणि एक मागची उजवी, म्हणजे हवा तिरकी वाहते. काचांवर पावसाची झडप असेल तर सरीतही उघड्या राहतात. डासांच्या जाळीला कडेने चुंबकपट्टी शिवून घ्या, ती दाराच्या पत्र्याला बाहेरून चिकटते.

रात्र कुठे काढावी

किनाऱ्यावर नाही. वाळूवर गाडी नेण्याला गोव्यात बंदी आहे. २०१९ च्या कायदा-दुरुस्तीने पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणंही दंडनीय झालं. मोले, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई ही अभयारण्यं आहेत, तिथे रस्त्याकडेला मुक्काम चालत नाही. वनखात्याच्या निवासांत आधी नोंदणी करून राहता येतं. सगळ्यात चांगली जागा म्हणजे फोंडा, सत्तरी, सांगेकडची कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा. निवासाची सोय करणाऱ्या मालकाला आधी फोन करून विचारा, 'आम्ही गाडीतच झोपू, न्हाणीघर आणि पाणी वापरू दिलंत तर किती द्यायचे?' बहुतेकांना हे परवडतं. सिंधुदुर्गाच्या बाजूला आंबोलीतही असं घर शोधा, डिसेंबरात तिथे पांघरूण लागतं.

माडाखाली गाडी कधीही लावू नका, झावळ किंवा नारळ पडला की टप आणि काच दोन्ही जातात. नदीच्या पात्रात, धरणाखाली किंवा खाजनाच्या (भरतीच्या पाण्यालगतच्या सखल शेतीच्या) बांधावर नको, पाणी रात्रीत वाढतं. सत्तरी आणि दोडामार्ग भागात हिवाळा ते उन्हाळा माकडतापाच्या गोचिडींचा काळ असतो. पाचोळ्यावर बसू नका, पाय झाकून ठेवा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात कळवा. गाडीचं तोंड नेहमी बाहेरच्या वाटेकडे करून लावा.

परत आल्यावर

रविवारी रात्रीच पलंग उतरवा, गाद्या भिंतीला उभ्या टेका. सोमवारी ऑफिसहून येताना किंवा घरी नळाच्या गोड्या पाण्याने गाडीचं पोट, चाकांच्या कमानी आणि सरकत्या दाराची खोबण धुवा. पाणी जायची भोकं बारीक तारेने मोकळी करा आणि दारं उघडी ठेवून तासभर वाळू द्या. मग खोबणीच्या रुळांना थोडं सिलिकॉनचं वंगण. ग्रीस नको, ती लाल माती धरून ठेवते आणि पुढच्या महिन्यात दार अडकतं.